उरलेल्या गोळ्यांची डबी

ही एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. साल माझ्या पक्कं लक्षात आहे, कारण त्या वर्षी आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये समुद्रापारच्या लाईनींचा नवा बोर्ड आला. करड्या रंगाचा, भिंतीएवढा, वार्निशाचा वास येणारा. तो बसवायला आलेली माणसं कितीतरी दिवस ठोकाठोक करत होती आणि आम्ही एका कानावर हात दाबून दुसऱ्या कानाने कॉल जोडत होतो. त्या बोर्डावर कोण बसणार हे कुणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या वन्स बसणार होत्या.

वन्स म्हणजे माझी नणंद, आमच्या ह्यांची धाकटी बहीण. त्यांनी लग्न केलं नव्हतं, करायचंही नव्हतं. वयानं माझ्याएवढ्याच, पण नात्यानं मी त्यांना अहो-जाहो करायची आणि त्या मला बिनधास्त अगं-तूगं. मला एक्स्चेंजमध्ये चिकटवलं तेही त्यांनीच. "घरात बसून माझ्या भावाचं तोंड किती बघशील? चल माझ्याबरोबर. निदान चार नवे आवाज तरी कानावर पडतील," असं म्हणून मला हाताला धरून घेऊन गेल्या होत्या.

त्यांच्या कानाचं सगळ्यांना कौतुक. पलीकडचा माणूस वादळात उभा राहून बोलतोय असं वाटावं इतकी लाईन खरखरत असली, की आम्ही हात टेकायचो. मग सुपरवायझर स्वतः उठून म्हणायच्या, "तिच्याकडे द्या." वन्स डोळे मिटायच्या, हेडसेट बोटानं दाबून धरायच्या आणि त्या खरखरीतून आकडा अलगद वेचून काढायच्या, तांदळातून खडा काढावा तसा. परीक्षा घ्यायला आलेल्या साहेबांनी त्यांना मुद्दाम बिघडवलेली लाईन दिली होती. वन्सांनी नंबर सांगितला आणि वर म्हणाल्या, "तुमच्या तिकडच्या खोलीतला पंखा घासतोय, तेल घाला." नव्या बोर्डासाठी असाच कान लागणार होता. त्यांचं सगळं आयुष्य त्या खुर्चीशी येऊन थांबलं होतं म्हणा ना.

आमची खोली लांबट. एका भिंतीला ओळीनं बोर्ड, समोर उंच स्टुलं, स्टुलांवर आम्ही बायका. दिवा लागला की प्लग घालायचा, विचारायचं, जोडायचं, दिवा विझला की काढायचा. आपल्या जागी दुसरी बाई बसल्याशिवाय उठता येत नसे. त्या बदलीच्या बाईला आम्ही रिलीफ म्हणायचो, आणि अख्ख्या ओळीला रिलीफ एकच. मागे चौथऱ्यावर सुपरवायझर बसायच्या. त्यांना सगळ्या 'मोठ्या बाई' म्हणत. आपण हात वर करायचा, त्यांनी बघायचं, मान हलवायची, मग रिलीफ यायची. पुष्कळदा त्या बघायच्याच नाहीत.

"आत्ता तर जाऊन आलीस," मोठ्या बाई म्हणायच्या.

"ते सकाळी, बाई."

"मग दुपार होऊ दे."

माझ्या शेजारी जी बसायची तिचं नाव पडलं होतं रेडिओ, कारण ती कधी बंद होत नसे. ती पुटपुटायची, "ह्यांना वाटतं बाईला नुसतं तोंड आणि कान असतात. बाकीचा ऐवज घरी कुलपात ठेवून यायचा." आम्ही हसू दाबायचो. हसणंही जपून, कारण लघवी दाबून धरलेली असायची.

म्हणून आम्ही पाणीच पीत नसू. सकाळी घरून निघताना चहा अर्धा कप, दुपारी डब्याबरोबर घोटभर पाणी. नव्या मुलींना आम्ही पहिल्या दिवशी हेच शिकवायचो. वन्स तर तेवढंही पीत नसत. खराब लाईनवरचा कॉल अर्ध्यात सोडून उठणं त्यांना नामुष्की वाटायची.

आणि मग उन्हाळी लागायची. हल्ली त्याला इंग्रजी अक्षरांचं नाव आहे, आम्ही उन्हाळीच म्हणायचो. लघवीला आग, सारखं जावंसं वाटणं, गेलं की दोन थेंब, आणि ते दोन थेंब म्हणजे निखारे. आमच्या ओळीत ती एकीला झाली नाही असा महिना जात नसे.

त्यावर इलाज होता काकूंची डबी.

काकू आमच्यात सगळ्यात जुन्या. चष्म्याला दोरी, पर्समध्ये सुईदोरा, कुणाचं बटण तुटलं तर चालू कॉलमध्ये टाचून देणाऱ्या. बायकांच्या विश्रांतीच्या खोलीत मोडके हेडसेट ठेवायचं कपाट होतं, त्यात मागे ही डबी असायची. टाइपरायटरच्या रिबिनीची, पत्र्याची, गोल. पद्धत अशी, की ज्या बाईला डॉक्टरांनी आठवडाभराच्या गोळ्या दिल्या तिनं आग थांबेपर्यंत घ्यायच्या, आणि उरलेल्या डबीत टाकायच्या. आग दोन दिवसांत थांबतेच. पुढे जिला त्रास होईल तिनं डबीतून घ्यायच्या. म्हणजे पुन्हा त्या पुरुष डॉक्टरसमोर बसून, खाली बघत, कुठे जळजळतं ते सांगायला नको. रजा नको. मोठ्या बाईंचे टोमणे नकोत.

आम्हाला त्या डबीचा अभिमान होता. पांढऱ्या गोळ्या, पिवळ्या, अर्ध्या लाल अर्ध्या काळ्या कॅप्सूल. कुठली कशाची हे काकूंनाच थोडंफार माहीत. "पिवळी घे, पिवळी जरा जोरकस आहे," असं त्या सांगायच्या आणि पाठीवरून हात फिरवायच्या. सख्खी आई काय वेगळं करते?

वन्सांना उन्हाळी वरचेवर व्हायला लागली ती नवा बोर्ड यायच्या आधीपासून. पहिल्यांदा डबीतल्या दोन पांढऱ्या गोळ्यांनी संध्याकाळपर्यंत उतार पडला. पुढच्या खेपेला पांढऱ्यांनी काही झालं नाही, पिवळ्या घ्याव्या लागल्या. त्यानंतर महिनाही गेला नसेल, पुन्हा. त्या एकदा डॉक्टरकडे गेल्या, पूर्ण औषध घेऊन आल्या, बरं वाटल्यावर निम्मं डबीत टाकून मोकळ्या झाल्या. "मला आता कशाला? काकूंनी मागच्या वेळी मला दिल्या होत्या, तेवढ्या तरी परत टाकायला हव्यात," म्हणाल्या. पुढे पुढे त्यांनी वेगळीच सवय लावून घेतली. अवघड ड्यूटी असली की आधीच एक गोळी तोंडात टाकायची. दुखो न दुखो.

"वन्स, दुखत नसताना कशाला?" मी विचारलं.

"छत्री पाऊस लागल्यावर उघडतेस का तू?"

"पण ही छत्री दुसऱ्याची आहे."

"आपल्याच बायकांची आहे गं. चल, उशीर होतोय."

मला त्यात वावगं वाटलं नाही. कुणालाच वाटलं नाही. फक्त एक गोष्ट माझ्या मनाला टोचत होती. पूर्वी दोन आजारपणांमध्ये ऋतू जायचा. आता एक संपतंय न संपतंय तोवर दुसरं दाराशी उभं असायचं. आणि ते फक्त वन्सांचं नव्हतं. रेडिओसुद्धा मधेच गप्प व्हायला लागली होती. काकू डबी उघडून बराच वेळ आत बघत बसायच्या आणि म्हणायच्या, "हल्लीच्या गोळ्यांत दम राहिला नाही."

नव्या बोर्डाची निवड जवळ आली तशी वन्सांची कंबर दुखायला लागली. कंबर म्हणजे एका बाजूला, बरगड्यांच्या खाली, पाठीत. घरी त्या उशी लावून बसायच्या आणि आम्ही काही बोललो की अंगावर यायच्या. हे म्हणाले, "डॉक्टरला दाखव." त्या म्हणाल्या, "दादा, निवड झाली की दाखवते. आत्ता मी आजारी आहे असं त्या मोठ्या बाईंच्या कानावर गेलं तर खुर्ची दुसरीला जाईल."

तो दिवस मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. सकाळची ड्यूटी. वन्स माझ्यापासून दोन स्टुलं सोडून. बाहेर ऊन कडक, खिडक्या उघड्या, आणि वन्सांनी स्वेटर घातलेला. त्या एक कॉल जोडत होत्या आणि मला टकटक असा आवाज आला. मला वाटलं प्लग सैल झालाय. वळून बघितलं तर त्यांचे दात वाजत होते. कॉर्ड हातात, हात लटपटतोय, प्लगचं टोक भोकाच्या आजूबाजूला पितळेवर आपटतंय, आणि त्या तशाही स्थितीत म्हणत होत्या, "थांबा हं, जोडते, जोडते."

रेडिओनं त्या दिवशी पहिल्यांदाच हात वर केला नाही. सरळ उठली. तिच्यासमोर सगळे दिवे पेटत राहिले. "बाई, ही मरतेय," ती म्हणाली. मोठ्या बाई चौथऱ्यावरून उतरल्या, वन्सांच्या कपाळाला हात लावला आणि तो चटकन मागे घेतला.

हॉस्पिटलमध्ये बायकांच्या वॉर्डात आम्हाला एक तरुण डॉक्टरीणबाई मिळाल्या. बारीक अंगाच्या, भराभर चालणाऱ्या, प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत डोळे न हलवणाऱ्या. मूत्रपिंडाला सूज आहे, म्हणाल्या. लघवी तपासायला घेतली.

"याआधी काय काय औषधं घेतलीत?"

"तुमच्या लोकांनी दिली ती एकदा," वन्स म्हणाल्या. तापानं डोळे लाल झालेले, तरी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी गप्प बसावं. काकूंची डबी चव्हाट्यावर आणायची नाही, हे आमचं न बोलता ठरलेलं असायचं.

डॉक्टरीणबाईंनी औषध सुरू केलं. ताप हलला नाही. औषध बदललं. ताप चढला. वन्स बरळायला लागल्या, आकडेच्या आकडे सांगायच्या, मधेच "पुन्हा बोला, लाईन तुटतेय," म्हणायच्या. मी ओल्या फडक्याच्या घड्या बदलत बसायची आणि हे बाहेर बाकावर.

मग एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. टेबलावर काचेच्या दोन लहान ताटल्या होत्या.

"ही दुसऱ्या पेशंटची," त्यांनी पहिली पुढे केली. आत दुधावर साय धरावी तसा पातळ थर होता, आणि त्यावर कागदाच्या इवल्याशा टिकल्या ठेवल्या होत्या. प्रत्येक टिकलीभोवती साय नव्हती. स्वच्छ, गोल, रिकामी जागा. "प्रत्येक टिकलीत एकेक औषध आहे. साय म्हणजे जंतू. औषध चालतं तिथे जंतू मरतात, म्हणून ही मोकळी जागा दिसते. आता ही तुमच्या नणंदेची."

मी वाकले. साय सगळीकडे होती. टिकल्यांच्या काठापर्यंत आली होती, अगदी चिकटून. एक टिकली, दुसरी, तिसरी. जंतू त्या औषधांना बिलगून मजेत वाढले होते. काठाशी एका टिकलीभोवती तेवढी थोडी जागा मोकळी होती.

कुणी आपल्याच घरात बिऱ्हाड करून बसावं आणि आपण ते इतक्या उशिरा बघावं, तसं वाटलं.

"एकदा औषध घेतलेल्या बाईची ताटली अशी येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला खरं सांगा."

मी सांगितलं. डबी, काकू, पांढऱ्या, पिवळ्या, सगळं. त्यांनी एक शब्द मधे घातला नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, "ती डबी मला बघायची आहे."

काकू स्वतः ती वॉर्डात घेऊन आल्या. रेडिओही बरोबर होती, चेहरा ओढलेला. काकूंनी झाकण काढून डबी अशी पुढे केली, की जणू घरच्या बरणीतला खाऊ पाहुण्यांना देताहेत. "आम्ही काही वाया घालवत नाही, डॉक्टर."

डॉक्टरीणबाईंनी डबी एका ट्रेमध्ये उपडी केली. गोळ्या घरंगळल्या. काहींचे तुकडे, काही डागाळलेल्या.

"प्रत्येक वेळी दोन-तीनच घ्यायच्या?"

"आग थांबेपर्यंत."

"आग थांबते तेव्हा लेचेपेचे जंतू मेलेले असतात. चिवट असतात ते राहतात. पुन्हा दोन गोळ्या, की त्यांतले जास्त चिवट राहतात. शेतकरी बियाणं निवडून ठेवतो तसं तुम्ही निवडत गेलात. तेच संडास, तोच टॉवेल, तेच हात. आता ओळीतल्या किती जणींत ते आहेत ते तपासावं लागेल."

काकूंचा चष्मा दोरीवर लोंबत राहिला. "आम्ही तर एकमेकींना दिलं हो," त्या म्हणाल्या. "कुणाला विकलं नाही."

"माहीत आहे मला."

निघताना दारापाशी काकू वळल्या. "डबी परत द्याल ना?" त्यांनी विचारलं. त्यांना खरंच काही कळलं नव्हतं, की कळून घ्यायचं नव्हतं, देव जाणे. डॉक्टरीणबाईंनी ट्रे उचलून आत नेला.

उरलं होतं एक औषध. इंजेक्शन. ते चाललं असतं. पण डॉक्टरीणबाईंनी वन्सांचा ताप जरा उतरलेला बघून, कॉटवर बसून, आमच्या दोघांसमोर स्पष्ट सांगितलं. "हे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं. तुमचं मूत्रपिंड सुजलेलं आहे, म्हणून ते रक्तात साठू शकतं. साठलं तर कान जातात. सगळ्यांचे जात नाहीत. पण गेले तर परत येत नाहीत."

वन्स हसल्या. मला वाटलं भ्रमात आहेत. "माझे कान?" म्हणाल्या. "डॉक्टर, तुम्हाला कुणी सांगितलं की तुमचे हात काढून घेतो, तर?"

"वन्स, जीव राहिला तर..." मी म्हटलं.

"तू गप्प बस. तुझा जीव म्हणजे तुझा संसार आहे. माझा त्या बोर्डावर आहे." मग भावाकडे वळल्या. "दादा, काकूंना सांग पिवळ्या गोळ्या द्यायला. यांच्या ट्रेमध्ये असतील. दोन दिवस बघू."

हे कधी आवाज न चढवणारे. त्या दिवशी ओरडले, "कसलं बघायचं आता! पिवळ्यांनी ही दशा केली!" आणि तोंड फिरवून खिडकीशी जाऊन उभे राहिले. वन्स एक दिवस अडून राहिल्या. तो दिवस संपता संपता पुन्हा थंडी भरली, पलंगाचा लोखंडी दांडा भिंतीवर थडथडायला लागला, आणि त्यांनी दात आवळून मान हलवली.

इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टरीणबाई मात्रा कमी ठेवत होत्या, अंतर वाढवत होत्या. कान तपासायची सोपी रीत त्यांनी मला शिकवली. ह्यांचं मनगटी घड्याळ घ्यायचं, वन्सांनी डोळे मिटायचे, कानाजवळ धरून हळूहळू लांब न्यायचं आणि टिकटिक कुठे थांबते ते विचारायचं. "अंतर कमी व्हायला लागलं तर मला लगेच सांगायचं," त्या म्हणाल्या. "मग मला हे थांबवावं लागेल. आणि अर्ध्यात थांबवलं तर हीही जागा भरून येईल." त्यांनी बोटानं हवेत लहानसा गोल काढला. मला ताटलीतली ती एकुलती मोकळी जागा दिसली.

पहिल्या सकाळी मी हात पूर्ण लांब केला तरी वन्स म्हणाल्या, "येतंय. अजून मागे जा. दारात जा." मीच हसले. तापही पायरी पायरीनं उतरत होता. मला वाटलं, निभावलं.

मधल्या काळात रेडिओ त्याच वॉर्डात भरती झाली, दोन पलंग सोडून. तिची ताटली वन्सांसारखीच निघाली. "बघ," ती पलंगावरून ओरडली, "तुला नवा बोर्ड काय, नवा आजारसुद्धा एकटीला मिळू देणार नाही मी!" वन्स हसल्या. पण क्षणभर उशिरा. आधी त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मी हसतेय असं दिसलं, मग त्या हसल्या.

ते माझ्या लक्षात राहिलं. मग इतरही दिसायला लागलं. मागून आयाबाईची बादली धाडकन पडली तेव्हा सगळा वॉर्ड दचकला, वन्स फणी फिरवत राहिल्या. मला म्हणायच्या, "इथे समोर बस, तिकडे उजेड डोळ्यांवर येतो." घड्याळाच्या वेळी मात्र, "येतंय, येतंय," तसंच चालू. डोळे मिटलेले असायचे. नीट पाहिलं तर पापण्या किंचित थरथरायच्या. माझ्या हाताची सावली त्यांच्या चेहऱ्यावर पडायची, आणि सावली हलली की त्या बोलायच्या.

मी डॉक्टरीणबाईंना सांगायला निघाले, तोवर त्याच आल्या. "आज मी बघते," म्हणाल्या आणि माझ्या हातातून घड्याळ घेतलं. कानाशी धरलं, लांब नेलं.

"येतंय," वन्स म्हणाल्या. "स्पष्ट येतंय."

डॉक्टरीणबाईंनी घड्याळ आपल्या कानाला लावलं. मग माझ्या हातात दिलं. काटे पहाटेच्या वेळेवर उभे होते. हे किल्ली द्यायला विसरले होते.

त्या वन्सांच्या समोर स्टूल ओढून बसल्या. तोंड नीट दिसेल असं. हळूहळू, शब्द सोडवून विचारलं, "कधीपासून?"

वन्सांनी डोळे उघडले. आमच्या दोघींच्या चेहऱ्यांवरून त्यांना सगळं कळलं. "पहिल्यांदा घड्याळ गेलं," त्या म्हणाल्या. "मग चमचे. नर्सची पावलं. तुमचे आवाज अजून थोडे येतात, पाण्याखालून बोलल्यासारखे."

"मला सांगायला हवं होतं. मी थांबवलं असतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

वन्स रेडिओच्या पलंगाकडे बघत होत्या. ती झोपली होती, अंगावर दोन ब्लँकेटं, तरी कुडकुडत. "मी अर्ध्यात सोडलं आणि ही कीड यातूनही तगली, तर तिला काय देणार तुम्ही?"

"असं सरळसोट नसतं ते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग थांबल्या. "पण अगदीच खोटंही नाही."

"किती राहिलीत?"

"थोडी."

"मग द्या. मी आजवर एकही औषध शेवटपर्यंत घेतलेलं नाही. आणि आता थांबून जे गेलंय ते येणार आहे का?"

"आहे तेही जाईल."

वन्सांनी त्यांच्या ओठांकडे बघितलं, नीट. परत विचारलं नाही. बाही वर केली आणि दंड पुढे धरला. मी ह्यांना बोलवायला बाहेर धावले. परत येईपर्यंत सुई टोचून झाली होती, आणि डॉक्टरीणबाई वन्सांचा हात तसाच हातात धरून बसल्या होत्या.

पुढचं थोडक्यात सांगते.

ताप गेला तो गेलाच. मूत्रपिंड वाचलं. हॉस्पिटलमधून घरी आलो त्या दिवशी रस्त्यात एक ट्रक आमच्या मागे भोंगा वाजवत राहिला आणि मी वन्सांना ओढून बाजूला घेतलं, तेव्हा मला समजलं की काहीच उरलेलं नाही.

रेडिओला तेच इंजेक्शन दिलं, ते तिला मानवलं. तिचे कान शाबूत राहिले. तिनं नोकरी सोडली, नवऱ्याबरोबर दुसऱ्या गावी गेली. दोन वर्षांनी पहिलटकरीण असताना तिला पुन्हा तसाच ताप आला असं कानावर आलं. मूल राहिलं नाही. नंतर तीही राहिली नाही. नक्की कशानं, ते तिच्या घरच्यांनी कुणाला सांगितलं नाही. मी मात्र ती बातमी ऐकली तेव्हा मला ताटली दिसली.

काकू निवृत्त झाल्या आणि खूप जगल्या. कुणाला साधं पडसं झालं तरी पर्स उघडायच्या. त्यांच्यामागे एक्स्चेंजमध्ये दुसरी डबी आली, बिस्किटांची, पहिलीपेक्षा मोठी. मी ती एकदा रिकामी केली. आठवड्याभरात पुन्हा भरली.

मोठ्या बाईंनी ओळीला दुसरी रिलीफ मिळावी म्हणून वरच्या साहेबांशी भांडण केलं, हेही सांगायला हवं. मिळाली नाही. त्यांनी मग स्वतःच स्टुलावर बसून बायकांना सोडायला सुरुवात केली आणि त्यावरून त्यांची बदली झाली. नव्या बोर्डावर बाहेरून कुणीतरी आली. डॉक्टरीणबाई मोठ्या हॉस्पिटलात गेल्या, तिथे शिकवायच्या म्हणे. त्यांचं पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही. आमचे हे गेल्याला आता बरीच वर्षं झाली. ते आधीही कमी बोलायचे, बहिणीचे कान गेल्यावर तर घरात इशाऱ्यांवरच भागवायला लागले.

वन्सांना टेलिफोनच्या डिरेक्टरीची छपाई तपासायचं काम मिळालं. एकटीनं बसून नावं आणि नंबर वाचायचे. ते त्यांनी निवृत्तीपर्यंत केलं. एकही चूक सुटू दिली नाही आणि एकदाही रजा काढली नाही. आमच्याच घरी राहिल्या, माझ्या मुलांना वाढवलं, माझ्याआधी गेल्या.

एक गोष्ट मात्र त्यांना अखेरपर्यंत कळली नाही. स्वतःचं बोलणं ऐकू येईनासं झाल्यावर त्यांचा आवाज हळूहळू बदलत गेला. सपाट झाला, घोगरा, नको तिथे चढणारा. जिन्यातली पोरं त्यांच्या नकला करायची. वन्स त्यांच्याकडे बघून हसायच्या, त्यांना वाटायचं पोरं गाणं म्हणताहेत. पाहुणे आले की त्या पूर्वीसारख्याच उत्साहानं बोलत सुटायच्या आणि पाहुणे एकमेकांकडे बघायचे. आम्ही घरात कुणी त्यांना कधी सांगितलं नाही.